ओटीपोट दुखतंय, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग आता पुढे काय

सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल, सीबीसी नॉर्मल, डॉक्टर म्हणतात "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका", आणि घरी पोचायच्या आत रिक्षातच परत ती ओढ सुरू. ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, बऱ्याच केबिनच्या बाहेर बसून झालंय, आणि आता ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका फोन करून विचारतात की तू नक्की काय काय केलंस, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

माझं म्हणणं एकच आहे. कुठे दुखतं यावरून फार काही कळत नाही, कधी दुखतं आणि कशाने वाढतं यावरून कळतं. ओटीपोटात गर्भपिशवी, अंडाशय, मूत्राशय, आतडी, स्नायू, नसा सगळे दाटीवाटीने बसलेत आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसाही बऱ्याच सामायिक, त्यामुळे हात सगळ्याजणी एकाच जागी ठेवतात, कारणं मात्र दहा वेगळी असतात.

आधी हे बघून घ्या

यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा किंवा १०८ ला फोन करा. पाळी चुकलीये आणि एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय (गर्भ ट्यूबमध्ये राहिला असेल तर असं होतं, आतल्या आत रक्तस्राव होतो). अचानक एका बाजूला जीवघेणी कळ आणि सोबत उलट्या, यात अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तासांचा प्रश्न असतो. ताप, थंडी आणि खालून घाण वासाचं पाणी. गरोदर आहात आणि दुखतंय. उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे, अन्नावर वासना नाही.

आणि हे रात्री पळण्यासारखं नाही, पण याच आठवड्यात दाखवा: पाळी बंद होऊन वर्ष झालं आणि परत अंगावर रक्त जायला लागलं, किंवा पोट सतत फुगलेलं, चार घासात पोट भरतं, वजन उतरतंय. चाळिशीनंतर हे "गॅस" म्हणून सोडून द्यायचं नाही.

यातलं काहीच नाही, पण तीन-सहा महिने झाले, येतं-जातं किंवा कायमच असतं, असं दुखणं असेल तर आता वही काढा.

वही

मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, कॅलेंडरवर लिहा, कुठेही, पण कमीत कमी दोन पाळ्या होईपर्यंत रोज दोन ओळी लिहा. "खूप दुखलं" असं लिहून उपयोग नाही. असं लिहा:

"मंगळवार, पाळीपासून १९ वा दिवस. सकाळी ठीक. दुपारी तीन तास एका जागी बसून काम, डावीकडे खाली ठणका, दहापैकी ५. उठून चालले तरी तसंच. रात्री संडासला जाऊन आल्यावर एकदम हलकं. गोळी नाही घेतली."

एवढ्यावरून अनुभवी डॉक्टरला बरंच कळतं. १९ वा दिवस म्हणजे पाळीशी थेट संबंध दिसत नाही, संडासनंतर हलकं म्हणजे आतड्याकडे बघायला हवं. असे वीस दिवस समोर असले की दुखणं स्वतःच सांगायला लागतं. लिहायचं काय काय तर पाळीचा दिवस, दुखणं दहापैकी किती, कसलं (कळ, ठणका, जळजळ, ओढ, जडपणा), त्याच्या आधी काय करत होतात, लघवी-संडासच्या आधी का नंतर, संबंध आला असेल तर तेव्हा का दुसऱ्या दिवशी, आणि कशाने कमी झालं. आणि त्या दिवशी काय सोडावं लागलं तेही लिहा, ऑफिस बुडलं, पोळ्या करायला उभं राहवलं नाही, हे डॉक्टरला आकड्यापेक्षा जास्त पटतं.

आता वहीत काय दिसतंय ते बघा.

पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतं, पाळीत साध्या गोळीने थांबत नाही, पाळीत संडासला बसताना आतून सुरी फिरल्यासारखं होतं, संबंधाच्या वेळी खोल आत दुखतं, तर एन्डोमेट्रिओसिसचा विचार झालाच पाहिजे. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्याच्या आसपास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना, म्हणजे जगात १९ कोटींना हा त्रास आहे, तरी आपल्याकडे "पाळीत दुखायचंच" म्हणून वर्षंच्या वर्षं जातात. पाळी जड, गाठी पडतात, ओटीपोट भरल्यासारखं, आणि तिशी-चाळिशी, तर ॲडेनोमायोसिस, यात तोच थर पिशवीच्या स्नायूत शिरलेला असतो.

लघवी साठत गेली की दुखणं चढतं आणि करून आलं की बरं वाटतं, दिवसात सारखं जावं लागतं, रात्री उठावं लागतं, आणि लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का ती तपासणी) दरवेळी निगेटिव्ह. या बायकांना वर्षभर अँटिबायोटिकचे कोर्स दिले जातात, कारण जळजळ म्हटलं की इन्फेक्शन असंच धरलं जातं. कल्चरमध्ये जंतू नसतील तर तिसरा कोर्स घेण्याआधी युरॉलॉजिस्टना "ब्लॅडर पेन सिंड्रोम असू शकतो का" (म्हणजे इन्फेक्शन नसताना मूत्राशय दुखणं) असं थेट विचारा.

संडासशी जोडलेलं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पोट फुगणं, हे आयबीएसकडे (रिपोर्ट नॉर्मल पण आतड्याचं काम बिघडलेलं) बोट दाखवतं. पण एन्डोमेट्रिओसिसही आतड्याजवळ असला तर अगदी असाच वागतो, म्हणून पाळीत वाढतं का ते वहीत बघा.

सकाळी बरं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जड आणि दुखरं, आडवं पडलं की उतरतं, संबंधानंतर बराच वेळ ठणकतं, दोन-तीन बाळंतपणं झालीयेत, तर पायाला फुगतात तशा ओटीपोटातल्या शिरा फुगल्या असतील. साध्या सोनोग्राफीत हे बऱ्याचदा सुटतं, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सांगावा लागतो, आणि उपाय इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे (स्कॅनवर बघत शिरेतून नळी घालून उपचार करणारे डॉक्टर) असतो, हे नावच बऱ्याच जणींना माहीत नसतं.

बसलं की खाली जळजळ, उभं राहिलं की कमी, आणि गंमत म्हणजे कमोडवर बसलं तर त्रास नाही. हे प्युडेंडल नावाच्या नसेचं लक्षण असू शकतं.

आणि हे शेवटचं फार कमी लोक तपासतात. एका बोटाने दुखरी जागा दाखवता येते का? पाठीवर झोपा, त्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि मान-खांदे उशीवरून वर उचला. पोट कडक झाल्यावर दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते आतलं नसून पोटाच्या भिंतीतलं, स्नायूतलं किंवा तिथे अडकलेल्या नसेचं असण्याची शक्यता जास्त. सीझरच्या टाक्याजवळ असं दुखत असेल, आणि पाळीत तिथे गाठ फुगल्यासारखी लागत असेल, तर टाक्यातही एन्डोमेट्रिओसिस होतो. घरी करून बघा पण निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

केबिनमध्ये

डॉक्टर विचारतात "कुठे दुखतं ताई?", आपण सगळ्या पोटावरून हात फिरवतो, आणि मागून सासूबाई म्हणतात "तिला कामाचं झेपत नाही हो". पाच मिनिटं संपली. म्हणून एका कागदावर अर्धं पान लिहून न्या: कधीपासून, वहीतला नमुना, झालेल्या तपासण्या तारखेप्रमाणे, घेतलेल्या गोळ्या आणि त्यांनी काय झालं, ऑपरेशनं, बाळंतपणं, गर्भपात. कागद डॉक्टरांच्या हातात द्या. सोबत कोणीतरी असू दे, पण तपासणीच्या वेळी आणि संबंधांबद्दल बोलताना "मला थोडं एकटीला बोलायचंय" असं म्हणायचा हक्क तुमचा आहे, चांगले डॉक्टर स्वतःच नातेवाइकांना बाहेर पाठवतात. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना सिस्टरांना आत बोलावून घ्या, यात संकोच कसला.

अविवाहित मुलींचं वेगळंच. सोनोग्राफी सेंटरवर "लग्न झालंय का" विचारतात आणि नाही म्हटलं की आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी होतच नाही, पाणी पिऊन वरून केलेली होते आणि त्यात बारीक गोष्टी दिसत नाहीत. खरा प्रश्न लग्नाचा नसून तुमचा संबंध आलेला आहे का आणि तुमची तयारी आहे का हा आहे, तो तुम्ही उत्तर द्या. आतून करायची नसेल तर गुदद्वारातून करता येते किंवा एमआरआय सांगता येतो. आणि "लग्न झालं की बरं होईल", "एक मूल झालं की जाईल" हे औषध नाही. गरोदरपणात काही जणींचा त्रास दबतो, नंतर परत येतो, आणि दुखणं थांबावं म्हणून कोणी मूल जन्माला घालू नये.

बाहेर पडायच्या आधी हे दोन प्रश्न विचाराच. "तुम्हाला यात कोणकोणत्या शक्यता वाटतात?" आणि "या औषधाने किती दिवसांत फरक पडला नाही तर पुढचं पाऊल काय?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तुमच्या हातात फक्त गोळ्यांची चिठ्ठी आहे, प्लॅन नाही.

सोनोग्राफीचा कागद वाचायला शिका

इथे जरा वेळ काढते कारण निम्मी भीती आणि निम्मा खोटा दिलासा या एका कागदातून येतो.

"पीसीओडी" लिहिलंय म्हणून दुखतंय असं समजू नका. पीसीओडीने पाळी लांबते, केस, मुरुमं, वजन, पण त्याने ओटीपोट दुखत नाही सहसा, आणि तरण्या मुलींच्या सोनोग्राफीत अंडाशय असे दिसणं फार कॉमन आहे. "रेट्रोव्हर्टेड युटेरस" म्हणजे पिशवी मागे कललेली, पाचात एकीची असते, बहुतेकींना काही त्रास नाही. "मिनिमल फ्री फ्लुइड" पाळीच्या मधल्या दिवसांत नेहमीचं. अडीच-तीन सेंटीमीटरची "सिम्पल सिस्ट" म्हणजे बऱ्याचदा त्या महिन्याचं अंडं, दोन महिन्यांनी परत बघितली की गेलेली असते. "नाबोथियन सिस्ट" (गर्भपिशवीच्या तोंडावरचे निरुपद्रवी फोड) विसरून जा.

याउलट हे शब्द दिसले तर पुढे विचारा. "बल्की युटेरस, हेटरोजिनस मायोमेट्रियम" असेल तर ॲडेनोमायोसिस आहे का. "एन्डोमेट्रिओमा" किंवा "चॉकलेट सिस्ट" (अंडाशयातली एन्डोमेट्रिओसिसची गाठ) असेल तर आत आणखी कुठे पसरलंय का ते बघितलं का. "हायड्रोसालपिंक्स" (ट्यूबमध्ये साठलेलं पाणी) असेल तर ट्यूबला जुनं इन्फेक्शन किंवा टीबी होऊन गेला का. दोन्ही अंडाशय एकमेकांना चिकटलेले दिसत असतील तर सोडू नका.

आणि सगळं नॉर्मल असेल तर? पोटाच्या आवरणावरचे एन्डोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत, खोल गेलेला आजारही बघणाऱ्याला खास ट्रेनिंग असेल तरच दिसतो. म्हणून नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "या मशीनवर या माणसाला आज दिसलं नाही" एवढाच घ्या. संशय पक्का असेल तर एन्डोमेट्रिओसिस बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून परत सोनोग्राफी, किंवा एमआरआय. सीए-१२५ ही रक्ततपासणी पाळीत, एन्डोमेट्रिओसिसमध्ये, टीबीत, फायब्रॉइडमध्ये, कशानेही वाढते, त्यामुळे तो आकडा बघून इंटरनेटवर कॅन्सर शोधत रात्र काढू नका, आणि कमी आला म्हणून निर्धास्तही होऊ नका.

टीबीचं काय

परदेशी वेबसाइटवर हे जवळजवळ नसतं, आपल्याकडे असतं. गर्भपिशवी आणि ट्यूबचा टीबी खोकला-ताप काही न दाखवता फक्त ओटीपोट दुखणं, पाळी कमी होत जाणं आणि मूल न राहणं एवढ्यावरच असू शकतो. पण इथे उलटी चूकही होते, रक्ताच्या एका टेस्टवर औषध सुरू. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या टेस्टवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातलीये, आणि मॅन्टू (हातावर टोचून बघतात ती) किंवा इग्रा (रक्ताची) टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी जंतूशी गाठ पडली एवढंच, ती तर आपल्यातल्या कितीतरी जणांची पडलेली असते. पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून त्याची तपासणी, कल्चर, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट), असा पुरावा मागा. निघालाच टीबी तर घाबरू नका, औषध सरकारी केंद्रात फुकट आहे, साधारण सहा महिन्यांचा कोर्स, आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले).

दुर्बीण टाकायची का

पूर्वी एन्डोमेट्रिओसिस म्हटलं की लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) केल्याशिवाय निदान नाही असं होतं. युरोपातल्या एश्रे या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे बदललं, लक्षणं जुळत असतील तर आधी हॉर्मोनचं औषध देऊन बघता येतं, डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज, किंवा गर्भनिरोधक गोळ्या, किंवा हॉर्मोनची कॉपर-टी म्हणतात ती (तांबं नसतं त्यात, पण नाव तेच पडलंय). साधारण तीन महिने देऊन बघतात. लवकर मूल हवं असेल तर हे आधी सांगा, कारण ही औषधं चालू असताना मूल राहत नाही. औषधाने फरक नाही, किंवा मूल राहत नाहीये, किंवा मोठी चॉकलेट सिस्ट आहे, तर लॅप्रोस्कोपीचा विषय काढा.

एक गोष्ट आधीच मनाशी ठेवा, जुन्या ओटीपोटदुखीसाठी केलेल्या लॅप्रोस्कोपीत एक तृतीयांश ते निम्म्या बायकांमध्ये काहीच सापडत नाही. तसं झालं तर "मग मी नाटक करत होते का" असं डोक्यात येतं. दुर्बिणीला स्नायू, नसा आणि मूत्राशयाची आतली आग दिसत नाही, बस.

संमतीचा फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या नवऱ्याला किंवा आईला विचारून पिशवी काढता येत नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय, तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढायची संमती होत नाही, जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. "फक्त तपासणी आणि दिसलेला एन्डोमेट्रिओसिस काढणे" असं हाताने लिहून घ्या. व्हिडिओ किंवा फोटो मागा, पुढच्या डॉक्टरला लागतात. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, "फाईल आमच्याकडेच राहते" हे चालत नाही.

"पिशवी काढून टाका"

बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आठवतंय ना, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कित्येकींचं सुरुवातीचं गाऱ्हाणं हेच होतं, ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, आणि उत्तर "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल". २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना अनावश्यक ऑपरेशनं रोखायच्या केंद्राच्या सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या, पण गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये हे वाक्य अजून ऐकू येतं.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. पक्का ॲडेनोमायोसिस आहे, मुलं नकोत, औषधं करून झाली, तर पिशवी काढल्यावर बायकांना खरोखर मोकळं वाटतं. पण दुखण्याचं कारण मूत्राशय, आतडी किंवा स्नायू असेल तर पिशवी जाते आणि दुखणं तिथेच राहतं. सोबत अंडाशय काढले तर त्या दिवशीच पाळी जाण्याचं वय सुरू, हाडं आणि हृदय दोघांवर परिणाम. म्हणून निदानाचं नाव कागदावर लिहून मागा, आणि दुसरं मत अशा ठिकाणी घ्या जिथे ऑपरेशन केल्याने कोणाचं बिल वाढत नाही: केईएम, नायर, सायन, पुण्याचं ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल, गोव्यात बांबोळी. रांग असते, सकाळी लवकर जा, डबा न्या.

काहीच सापडलं नाही तर

दुखणं खूप दिवस राहिलं की नसा आणि मेंदू त्या दुखण्याला सरावतात, मूळ कारण लहान असलं किंवा गेलं तरी अलार्म चालूच. हे मनाचे खेळ नाहीत, पण ताण आणि झोपेने वाढतं-कमी होतं हेही खरं. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पेल्विक फ्लोअर, खालचे स्नायू. वर्षानुवर्षं दुखण्याने आपण ते नकळत आवळून ठेवतो आणि मग तेच दुखायला लागतात. यावर नेटवर सगळे केगल (खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) सांगतात, आणि स्नायू आधीच आवळलेले असतील तर केगलने त्रास वाढतो. त्यांना सैल करणं शिकायचं असतं, पोटाने श्वास, मांड्या उघडून ताण देणं, हातांनी केलेलं रिलीज. मुंबई-पुण्यात पेल्विक फ्लोअरच्या फिजिओ आहेत, लहान गावात नसतील तर निदान पहिली व्हिडिओ कन्सल्टेशन घ्या. गायनॅककडून चिठ्ठी मागा, बऱ्याच जणी स्वतःहून देत नाहीत.

गोळ्यांचं म्हणाल तर पेनकिलर पाळी सुरू होताना लगेच घेतली तर चालते, कळ पूर्ण चढल्यावर घेतलेली उशीर झालेली असते. पण ती मेफ्टाल वर्षानुवर्षं मेडिकलमधून स्वतःच आणून खाऊ नका, त्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडने काही जणांना ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज येणारी गंभीर ॲलर्जी होते म्हणून इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावध केलंय, शिवाय पोट आणि किडनी आहेतच. नसांच्या दुखण्यासाठी कमी डोसची अमिट्रिप्टिलीन देतात, ती "डिप्रेशनची गोळी" म्हणून घरचे घाबरतात, इथे ती दुखण्यासाठी असते. गॅबापेंटिन सरसकट लिहून दिलं तर मात्र विचारा का, कारण सापडत नसलेल्या ओटीपोटदुखीवर ब्रिटनमध्ये ३०६ बायकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

कुठलाही उपाय सुरू केला की वही बंद करू नका. दुखणं ७ वरून ४ वर आलं, महिन्यातले वाईट दिवस बारावरून पाचवर आले, हे रोजच्या रोज जाणवत नाही आणि आपण "काही उपयोग नाही" म्हणून चांगला डॉक्टर सोडून देतो. ठरवून दिलेले तीन महिने पुरे करा, आकडे बघा, हलले नसतील तर ती वही, ते अर्धं पान आणि सगळ्या सीडी घेऊन पुढच्याकडे जा, आणि पुढचा बहुतेक वेळा दुसऱ्याच विषयाचा असू दे, तीन गायनॅक करून झाले असतील तर चौथी गायनॅक नको, युरॉलॉजिस्ट, पोटाचे डॉक्टर किंवा पेन क्लिनिक.